साक्षीदार शब्द : इंग्रजीतील सत्यवाचक अवधारणांचा इतिहास

१

इंग्रजीत विधानाला जोर देणारे शब्द आणि शब्दबंध एकत्र मांडून पाहिले, तर त्यांतील एक मोठा गट 'सत्य' या एकाच कल्पनेभोवती गोळा झालेला आढळतो. 'व्हेरी', 'ट्रूली', 'रिअली', 'अ‍ॅक्चुअली', 'लिटरली', 'इनडीड', 'इन फॅक्ट', 'इन पॉइंट ऑफ फॅक्ट', 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट' ही या गटातील ठळक नावे. यांतील काही विशेषणाला जोर देतात, काही संपूर्ण वाक्याला; परंतु 'जे म्हटले जात आहे ते खरे आहे' असे प्रत्येकाचा मूळ अर्थ या ना त्या वाटेने सांगतो. कोशकार त्यांना परस्परांचे पर्याय म्हणून देतात. अनुवादक बहुधा 'खरोखर' किंवा 'खरे तर' यांवर काम भागवतो. समीक्षक तर त्यांच्याकडे शैलीचे अलंकरण म्हणून पाहून पुढे जातो. या तिन्ही व्यवहारांमागे एक गृहीत आहे : या शब्दबंधांत फरक असलाच तर तो मात्रेचा, म्हणजे कमीअधिक जोराचा आहे.

हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. ज्या समाजात बोलणारा खरे बोलतो असे ऐकणाऱ्याने सर्वसाधारणपणे धरलेलेच असते, तेथे 'मी म्हणतो ते खरे आहे' अशी पुस्ती जोडण्याचे प्रयोजन काय? पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात संभाषणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत सत्यकथन हे संभाषणाचे एक पायाभूत गृहीतक ठरते. जे गृहीतच आहे ते पुन्हा उच्चारले जाते, तेव्हा त्यातून काही वेगळेच सांगितले जात असते. ते वेगळे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाची उकल करण्यास भारतीय तर्कपरंपरेतील एक विचार उपयोगी पडतो. 'एव' या निपाताचे कार्य जोर देणे नसून व्यवच्छेद करणे, म्हणजे काहीतरी वगळणे हे आहे, असे धर्मकीर्तीने दाखवले आणि त्याचे तीन प्रकार मानले. 'शंख पांढराच' असे म्हणताना शंखाशी पांढरेपणाचा संबंध नसण्याची शक्यता वगळली जाते. 'पार्थच धनुर्धर' म्हणताना पार्थाखेरीज इतरांना वगळले जाते. 'कमळ निळे असतेच' म्हणताना कमळ आणि निळेपणा यांचा कधीच संबंध येत नाही ही समजूत वगळली जाते. एकच निपात, परंतु त्याच्या स्थानानुसार तीन निरनिराळे निषेध. अवधारणाचा अर्थ ते काय वगळते यावरून ठरतो, हे या विचाराचे सार होय. जे. एल. ऑस्टिन यांच्या व्याख्यानांवरून सिद्ध होऊन १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिया' या ग्रंथात 'रिअल' या शब्दाविषयी जवळजवळ हाच निष्कर्ष निघतो. खरे बदक म्हणजे काय, हे केवळ 'खरे' या शब्दावरून कळत नाही. लाकडी बदक, चित्रातले बदक की खेळण्यातले बदक, यांपैकी काय नाकारले जात आहे हे कळले म्हणजेच त्या शब्दाला अर्थ येतो.

हे सूत्र इंग्रजीतील सत्यवाचक शब्दबंधांना लावले असता एक ऐतिहासिक चित्र उभे राहते. यांतील प्रत्येक शब्दबंध निरनिराळ्या संस्थेच्या अंगणात वाढला. कोणी धर्मपीठात, कोणी विद्यापीठात, कोणी न्यायालयात. त्या त्या संस्थेत सत्याचा शत्रू वेगवेगळा होता. म्हणून त्या त्या शब्दाने वगळलेली गोष्टही वेगवेगळी होती. आज संस्थांची स्मृती पुसट झाली असली, तरी वगळण्याची सवय शब्दांत उरली आहे. समानार्थी वाटणाऱ्या या शब्दबंधांमधील सूक्ष्म भेद हे त्या सवयीचे अवशेष होत.

२

मध्ययुगीन इंग्रजीत सत्यासाठी 'सूथ' हा जुना शब्द होता आणि 'फॉरसूथ' हे त्यापासून घडलेले अवधारण. विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिन बायबलचे जे इंग्रजी रूपांतर केले, त्याच्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द मोठ्या प्रमाणावर आढळतो. लॅटिनमधील 'ऑटेम' किंवा 'व्हेरो' या निपातांसाठी 'फॉरसूथ' किंवा 'बट' यांपैकी कोणताही शब्द चालेल, असे सुमारे १३९५ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत अनुवादकाने नमूद केले आहे. ही नोंद वरवर किरकोळ दिसते. परंतु 'खरोखर' आणि 'परंतु' हे दोन अर्थ परस्परांचे शेजारी आहेत, हे त्या अनुवादकाला सहाशे वर्षांपूर्वी जाणवले होते, हे तिच्यावरून दिसते. सत्याचा उच्चार हा बहुतेक वेळा कशाच्या तरी विरोधात केलेला उच्चार असतो. पुढे 'फॉरसूथ'ची गत अशी झाली की, हा शब्द उपहासासाठीच उरला. 'म्हणे', 'मोठा आला' अशा सुरात दुसऱ्याचा दावा उडवून लावण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. सत्याची ग्वाही देणारा शब्दच असत्याची खूण ठरण्याचे इंग्रजीतील हे एक जुने उदाहरण होय.

'व्हेरी' या शब्दाचा प्रवास याहून निराळा. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द मुळात विशेषण होता आणि त्याचा अर्थ 'खरा' असा होता. चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रास्ताविकात आपल्या सरदाराला हा शब्द लावला आहे, तो 'अतिशय' या अर्थाने नव्हे. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथातील श्रद्धासूत्रात ख्रिस्ताच्या देवत्वासाठी तो आला आहे, तोही 'खरा देव' याच अर्थाने. येथे वगळले जाते ते खोटे, तोतये, नावापुरते. त्या काळी 'ट्रूथ' या शब्दाचाही प्रमुख अर्थ 'वस्तुस्थितीशी जुळणारे' असा नसून 'दिल्या शब्दाला जागणे' असा होता. रिचर्ड फर्थ ग्रीन यांनी 'अ क्रायसिस ऑफ ट्रूथ' (१९९९) या ग्रंथात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंडमध्ये हा अर्थ कसा डळमळू लागला, याचे सविस्तर विवेचन केले आहे. मौखिक करारावर चालणारा समाज लेखी दस्तऐवजाकडे वळत असताना 'ट्रूथ' हा माणसाचा गुण न राहता विधानाचा गुण बनत गेला.

'खरा, सुशील सरदार' अशा रचनेत दोन विशेषणे शेजारी आली की पहिले विशेषण नामाचे न राहता दुसऱ्या विशेषणाला चिकटते, आणि 'खरोखर सुशील' असा अर्थ संभवतो. या संदिग्धतेतून 'व्हेरी' क्रियाविशेषण झाले. खरेपणाची ग्वाही मात्रेत विरघळली आणि सतराव्या शतकापर्यंत 'अतिशय' हाच त्याचा रूढ अर्थ बनला. तथापि जुना अर्थ अजिबात नाहीसा झाला नाही. नामाआधी येणाऱ्या 'द व्हेरी मॅन' यासारख्या रचनेत तो टिकून आहे. त्याला मराठीत 'अतिशय' चालत नाही, 'तोच माणूस' असेच म्हणावे लागते. एकाच शब्दाची एक शाखा मात्रा दाखवते आणि दुसरी शाखा 'अन्य कोणी नव्हे' असा व्यवच्छेद करते.

'व्हेरिली' या त्याच कुळातील शब्दाला मात्र वेगळेच भाग्य लाभले. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी दुहेरी 'आमेन' पंचवीस वेळा येते. १६११ च्या इंग्रजी बायबलने तेथे प्रत्येक वेळी हा शब्द दोनदा योजला. त्यामुळे तो एका वक्त्याचा झाला. सामान्य माणसाने तो बोलण्यात वापरणे अवघडल्यासारखे होऊ लागले आणि पवित्रतेच्या भाराने तो व्यवहारातून बाहेर पडला.

३

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या वादांनी 'रिअल' आणि 'लिटरल' या दोन शब्दांना जे वजन दिले, त्याची कल्पना आजच्या सैल वापरावरून येणार नाही. प्रभुभोजनातील भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्त कोणत्या अर्थाने उपस्थित असतो, हा प्रश्न त्या काळी जिवावर बेतणारा होता. १५५२ च्या प्रार्थनाग्रंथात भाविकांनी गुडघे टेकण्याविषयी एक खुलासा जोडण्यात आला. ख्रिस्ताच्या नैसर्गिक देहाची 'रिअल' आणि सारभूत उपस्थिती तेथे अभिप्रेत नाही, असे त्यात म्हटले होते. एलिझाबेथच्या कारकिर्दीत १५५९ साली हा खुलासा वगळण्यात आला. १६६२ साली तो पुन्हा घातला गेला, तेव्हा 'रिअल' हा शब्द काढून त्या जागी 'शारीर' या अर्थाचा शब्द बसवण्यात आला. उपस्थिती 'शारीर' नाही असे म्हणणे शक्य होते, परंतु ती 'रिअल' नाही असे म्हणणे आता अनेकांना परवडणारे नव्हते. एका विशेषणाच्या फरकात एका संपूर्ण धर्मपीठाची भूमिका सामावलेली होती. या संदर्भात 'रिअली' हा शब्द 'केवळ प्रतीकरूपाने' या पर्यायाला वगळतो. लॅटिन 'रेस' म्हणजे वस्तू. वस्तू आणि तिचे चिन्ह यांतील भेदावर हा शब्द उभा आहे.

'लिटरली'चा शत्रू वेगळा होता. मध्ययुगीन टीकापरंपरेने बायबलला चार अर्थ मानले : अक्षरार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ आणि पारलौकिक अर्थ. विल्यम टिंडेलने १५२८ साली 'द ओबीडियन्स ऑफ अ ख्रिश्चन मॅन' या ग्रंथात ही चौकट नाकारून बायबलला अक्षरार्थ हा एकच अर्थ असल्याचे प्रतिपादन केले. मात्र बायबल दृष्टांत आणि उपमा यांनी भरलेले आहे हे त्यालाही मान्य होते. अशा ठिकाणी दृष्टांतातून जे सुचवले जाते तोच अक्षरार्थ, असे त्याचे म्हणणे. 'लिटरली' या शब्दाच्या पोटात रूपकाशी असलेले हे गुंतागुंतीचे नाते आरंभापासूनच आहे.

'अ‍ॅक्चुअली' हा शब्द विद्यापीठातून आला. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतील शक्यता आणि कृती या द्वंद्वापैकी कृतीच्या बाजूचा हा शब्द. १५७१ च्या एकोणचाळीस धर्मसूत्रांत मूळ पापापासून 'अ‍ॅक्चुअल' पापे वेगळी काढली आहेत. त्यांचा अर्थ 'खरीखुरी पापे' असा नसून 'प्रत्यक्ष कृतीने घडलेली पापे' असा आहे. बीजरूपाने असणे, संभाव्य असणे, मनात असणे हे सारे 'अ‍ॅक्चुअली' वगळते. आज हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनातील अपेक्षा हळूच बाजूला सारण्यासाठी वापरला जातो, तेव्हा 'जे होऊ शकले असते' आणि 'जे झाले' यांतील ही जुनी फारकतच कामाला येते. केवळ ती तत्त्वज्ञानातून उतरून शिष्टाचारात आलेली असते.

४

'इनडीड' आणि 'इन फॅक्ट' ही जोडी या इतिहासातील सर्वांत बोधप्रद जोडी होय. पहिला शब्द 'इन' आणि 'डीड' या दोन सुट्या शब्दांचा बनलेला. 'डीड' म्हणजे कृत्य. दुसऱ्यातील 'फॅक्ट' हा लॅटिन 'फाक्टुम'पासून आला आणि त्याचाही अर्थ 'केलेले', म्हणजे कृत्य असाच. दोन्ही शब्दबंधांचा शब्दशः अर्थ 'कृतीत' असा एकच. एक जर्मानिक कुळातला, दुसरा लॅटिन कुळातला, एवढाच मूळचा फरक. तरीही आज दोघांची कामे निराळी आहेत. या विभक्त होण्याचे कारण त्यांच्या व्युत्पत्तीत सापडत नाही. ते शोधावे लागते त्यांच्या सहवासात.

'इनडीड'चा सहवास उक्ती आणि कृती या नैतिक द्वंद्वाशी होता. शब्दाने नव्हे तर कृतीने मित्र, नावाने नव्हे तर कृतीने राजा, अशा जोड्यांत तो वावरला. तो पोकळ शब्द वगळतो. 'फॅक्ट' मात्र न्यायालयात वाढला. इंग्रजी कायद्यात तो दीर्घकाळ 'गुन्ह्याचे कृत्य' या अर्थाने वापरात होता. गुन्हा घडल्यानंतर साहाय्य करणाऱ्याला जे नाव कायद्यात आहे, त्यात हा अर्थ अजून टिकून आहे. न्यायालयाने प्रश्नांची विभागणी केली : वस्तुस्थितीचा प्रश्न ज्यूरीने ठरवावा, कायद्याचा प्रश्न न्यायाधीशाने. 'मॅटर ऑफ फॅक्ट' आणि 'मॅटर ऑफ लॉ' ही परिभाषा या विभागणीतून आली. 'इन पॉइंट ऑफ फॅक्ट' या शब्दबंधालाही कायद्याच्या बाजूचे जोडीदार रूप आहे. या घरातील 'फॅक्ट' पोकळ शब्दांपेक्षा अधिकारवाणीला, मताला आणि अनुमानाला वगळतो. त्याला साक्षीदार लागतो.

बार्बरा शपिरो यांनी 'अ कल्चर ऑफ फॅक्ट' (२०००) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, १५५० ते १७२० या काळात न्यायालयातील ही कल्पना इतिहासलेखन, प्रवासवर्णने, वृत्तपत्रे आणि निसर्गविज्ञान यांत पसरली. १६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य स्वीकारले. रॉबर्ट बॉइलच्या हवापंपाच्या प्रयोगांची वर्णने अशा तपशिलाने लिहिली गेली की, वाचकानेच प्रयोगशाळेत उभे राहून साक्ष द्यावी. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शाफर यांनी 'लेव्हायथन अँड द एअर-पंप' (१९८५) मध्ये या लेखनरीतीचे मार्मिक विश्लेषण केले आहे. 'मॅटर ऑफ फॅक्ट' येथे ज्यूरीच्या कक्षेतून निघून सभ्य गृहस्थांच्या सामूहिक साक्षीचा विषय बनला. १७४८ साली ह्यूमने मानवी ज्ञानाचे कल्पनासंबंध आणि 'मॅटर्स ऑफ फॅक्ट' असे दोन भाग पाडले, तेव्हा न्यायालयातील ही संज्ञा तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी येऊन बसली होती.

याच काळात अवधारणाच्या नैतिकतेवरच प्रश्नचिन्ह लावणारा एक पंथ इंग्लंडमध्ये होता. क्वेकर पंथीयांनी न्यायालयात शपथ घेण्यास नकार दिला. शपथ घेऊन खरे बोलायचे, तर शपथेविना बोललेले खोटे मानायचे काय, हा त्यांचा युक्तिवाद होता. १६६२ च्या कायद्याने या नकाराला शिक्षा ठरवली. १६९६ साली संमत झालेल्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. मधल्या काळात, १६७० साली, विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांवर चाललेल्या खटल्यात ज्यूरीने न्यायपीठाच्या दडपणाला न जुमानता त्यांना दोषी ठरवण्याचे नाकारले. त्यावरून शिक्षा झालेल्या बुशेल या ज्यूररच्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ज्यूरीला तिच्या निर्णयाबद्दल दंड करता येणार नाही असा निर्वाळा दिला. वस्तुस्थिती ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा भाषेबाहेरचा आणि तरीही भाषेला घडवणारा प्रश्न होता. क्वेकरांची भूमिका अवधारणाच्या मुळाशी असलेला अंतर्विरोध उघड करते : 'खरोखर' म्हणणारा आपल्या इतर बोलण्यावरचा विश्वास नकळत कमी करत असतो.

५

लॉकने १६९० च्या आपल्या निबंधग्रंथात निपातांवर एक छोटे प्रकरण लिहिले आहे. निपात वस्तूंची नावे नसून विधाने जोडताना मन कोणती भूमिका घेते त्याच्या खुणा आहेत, असे तो म्हणतो आणि 'बट' या एका शब्दाच्या अनेक छटा उलगडून दाखवतो. सत्यवाचक शब्दबंधांचा पुढील इतिहास लॉकच्या या निरीक्षणाची पुष्टी करतो. एलिझाबेथ ट्रॉगट यांनी १९९५ च्या निबंधात, आणि पुढे रिचर्ड डॅशर यांच्यासह लिहिलेल्या २००२ च्या ग्रंथात, 'इनडीड', 'इन फॅक्ट' आणि 'अ‍ॅक्चुअली' या तिघांचा विकासक्रम तपासला. आरंभी हे शब्दबंध वाक्यातील घटनेविषयी काही सांगतात. नंतर ते आधीच्या विधानाला विरोध दर्शवतात. आणि शेवटी वक्ता आपल्या पुढील वाक्याचा मागील वाक्याशी संबंध जोडण्यासाठी त्यांचा उपयोग करतो. अर्थ वस्तूकडून वक्त्याकडे आणि वक्त्याकडून श्रोत्याकडे सरकत जातो.

आजच्या वापरातील भेद पुढील कसोटीवर पाहता येतील. एकाने म्हटले, 'कादंबरी चांगली आहे.' त्यावर दुसऱ्याने 'इनडीड' म्हटले, तर ते सहमतीचे शिक्कामोर्तब होते. शब्दाला कृतीची जोड मिळाली, एवढेच ते सांगते. 'इन फॅक्ट'ने सुरुवात केली, तर श्रोता दोन शक्यतांसाठी सज्ज होतो : 'केवळ चांगली नव्हे, त्या वर्षातील सर्वोत्तम' अशी चढती कमान, किंवा 'तशी ती नाही' असा उलट पुरावा. पुरावा दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो. न्यायालयातील जुनी सवय येथे उरली आहे. 'ती तुम्ही वाचली नसेलच' असे कोणी गृहीत धरले असताना 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट' म्हणून 'वाचली आहे' असे उत्तर दिले, तर त्यात माहितीबरोबर एक किंचित टोचणीही असते. न विचारता निकाल देऊन बसलेल्याला साक्षीपुराव्याची आठवण करून दिली जाते. त्याच जागी 'अ‍ॅक्चुअली' आले, तर ती टोचणी सौम्य होते. 'आपली अपेक्षा संभाव्य होती, घडले मात्र वेगळे' असा दिलासा त्यात असतो. या चारही उत्तरांत वस्तुस्थिती बदलत नाही आणि जोरही मोजता येण्याइतका बदलत नाही. कोणाच्या कोणत्या समजुतीला बाजूला सारले जात आहे, एवढेच बदलते. भेद मात्रेचा नसून व्यवच्छेदाचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

६

या भेदांचे वाङ्मयीन मोल कादंबरीच्या उदयानंतर विशेष जाणवते. कारण कादंबरी ही बोलण्याच्या लकबींवरून माणसे ओळखायला लावणारी साहित्यकृती होय. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' (१८१७) या कादंबरीतील इझाबेला थॉर्प ही अवधारणांच्या उधळपट्टीवर जगते. मैत्रिणीच्या आधी जेमतेम पाच मिनिटे पोचून ती युगानुयुगे वाट पाहिल्याचे सांगते. तिचा भाऊ जॉन घोड्याच्या वेगाविषयी शपथेवर शपथ घेतो. निवेदिका त्यांचे खोटे उघड करण्याची घाई करत नाही. ती केवळ घड्याळ आणि अंतर शेजारी ठेवते, आणि ग्वाही देणारे शब्दच ग्वाही देणाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ लागतात. नायिका कॅथरीनचे शिक्षण हे बऱ्याच अंशी अवधारणांचे वाचन करण्याचे शिक्षण आहे. गॉथिक कादंबऱ्यांतील भयापेक्षा मैत्रीतील अतिशयोक्ती तिला अधिक फसवते. येथे 'खरोखर' हा शब्द किती वेळा आला, याची नुसती मोजदाद पुरेशी नाही. तो कोणाच्या तोंडी, कोणता संशय दूर करण्यासाठी आला, हे पाहिल्याशिवाय उपरोध हाती लागत नाही.

डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' (१८५४) या कादंबरीत 'फॅक्ट' या शब्दाचाच खटला चालवला जातो. ग्रॅडग्राइंडच्या शाळेत सर्कशीतल्या घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या सिसी ज्यूपला घोड्याची व्याख्या करता येत नाही. बिट्झर दात, खूर आणि वय यांची यादी देऊन ती करतो. या प्रसंगाचा अर्थ सामान्यतः कल्पना विरुद्ध वस्तुस्थिती असा लावला जातो. परंतु या शब्दाचा इतिहास ध्यानात घेतला असता दुसराही अर्थ दिसतो. मुळात 'फॅक्ट' म्हणजे कोणीतरी केलेले, कोणीतरी पाहिलेले कृत्य; साक्षीदाराशिवाय तो संभवत नाही. त्या वर्गात घोड्यांची खरी साक्षीदार सिसी आहे आणि तिचीच साक्ष फेटाळली जाते. ज्याने साक्ष दिलेली नाही त्याची पाठ केलेली यादी 'फॅक्ट' म्हणून नोंदली जाते. 'इनडीड' आणि 'इन फॅक्ट' हे एकाच अर्थाचे दोन शब्दबंध येथे परस्परांपासून पुरते तुटलेले दिसतात. कृतीतून आलेले ज्ञान एकीकडे, साक्षीदारावाचूनची वस्तुस्थिती दुसरीकडे. डिकन्सचा रोख वस्तुस्थितीवर असण्यापेक्षा तिच्यातून माणूस गाळून टाकण्यावर आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

७

'लिटरली' या शब्दावरून झालेला वाद या इतिहासाचा ताजा अध्याय आहे. जे अक्षरशः खरे नाही त्यालाही जोर देण्यासाठी हा शब्द वापरला जातो, याचा १७६९ सालचा दाखला फ्रान्सिस ब्रुक यांच्या 'द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू' या कादंबरीतील आहे. १९०९ साली अँब्रोज बीअर्स यांनी आणि १९२६ साली फाउलर यांनी त्याबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. ऑक्सफर्डच्या कोशाने हा अर्थ नोंदवल्याचे २०१३ साली वृत्तपत्रांच्या लक्षात आले, तेव्हा भाषेचा ऱ्हास झाल्याची ओरड झाली. वस्तुतः 'व्हेरी'ने याच मार्गाने प्रवास केला होता आणि 'रिअली' तो करत आहे. इतो आणि टॅग्लिआमोंटे यांनी यॉर्क शहरातील बोलीचा २००३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वृद्धांच्या बोलण्यात 'व्हेरी'चे आणि तरुणांच्या बोलण्यात 'रिअली'चे प्राबल्य दाखवतो. ज्या शब्दाची साक्ष सर्वांनी गृहीत धरली तो मात्रादर्शक बनतो आणि नव्या साक्षीदाराची गरज पडते. 'लिटरली'बद्दलचा संताप विशेष आहे तो एवढ्यासाठी की, रूपकाला वगळण्याचे काम ज्याच्याकडे होते तोच शब्द रूपकाच्या सेवेला लागला. 'फॉरसूथ'ची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मराठी वाचकाला आणि अनुवादकाला या विवेचनाचा संबंध दूरचा वाटू नये. मराठीतही सत्यवाचक शब्दांनी अशीच निरनिराळी कामे वाटून घेतली आहेत. 'पुस्तक चांगले आहे खरे' असे म्हटले की श्रोता पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागतो. चौदाव्या शतकातील त्या अनुवादकाने हेरलेले शेजारपण येथे जसेच्या तसे दिसते. 'वास्तविक त्याने यायला हवे होते' या वाक्यात 'वास्तविक' हा शब्द न घडलेल्या गोष्टीच्या बाजूने उभा राहतो आणि घडलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करतो. 'अ‍ॅक्चुअली' जे वगळतो त्याच्या नेमके उलट. 'खरोखर' शंका वगळतो, 'खरे तर' समजूत दुरुस्त करतो, 'वस्तुतः' वादाला पुराव्याकडे नेतो. इंग्रजीतील सर्व अवधारणांना एकाच 'खरोखर'च्या दावणीला बांधणारा अनुवाद जोर राखतो, परंतु वक्ता आणि श्रोता यांच्यामधील संशयाचे नाते गमावतो. आणि उपरोध, विनय, अपमान, सलगी हे सारे त्या नात्यातच वसलेले असते.

अवधारण हे विधानावरचे अलंकरण मानले की त्याचा इतिहास अनावश्यक ठरतो. ते साक्ष मानले की मात्र ती कोणापुढे, कोणाविरुद्ध दिली जात आहे, हे विचारणे क्रमप्राप्त होते. धर्मपीठ, विद्यापीठ, न्यायालय, प्रयोगशाळा यांनी आपापल्या काळात सत्याला जो जो प्रतिस्पर्धी मानला, त्याची आठवण या लहानशा शब्दबंधांनी जपली आहे. समानार्थी शब्दांची यादी देऊन कोशाचे काम संपते. वाचनाचे काम त्यानंतर सुरू होते.